वाचकांचे प्रश्न : ग्रिझलीच्या मुलखात शिकारीला जाताना स्प्रे घ्यावा की रिव्हॉल्व्हर?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली अकरा वर्षे अमेरिकेतील मोन्टाना राज्यात राहतो आणि आता येथील कायमचा रहिवासी आहे. शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण करून या हंगामात मी प्रथमच दोन सहकाऱ्यांबरोबर एल्कच्या (तिकडील मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडील डोंगरांत जाणार आहे. आमचा तळ गाडीरस्त्यापासून बारा किलोमीटर आत असेल आणि तो सगळा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. एक सहकारी म्हणतो की मिरचीच्या स्प्रेचा वाऱ्यात काही उपयोग होत नाही, त्यापेक्षा .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की हातात रायफल असताना वेगळ्या साधनाची गरजच नाही. पत्नीचा आग्रह स्प्रेचा आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, बोझमन

उत्तर : आपल्या पत्नीचे ऐकावे. तिघांनी तीन स्वतंत्र स्प्रे घ्यावेत आणि ते पाठपिशवीत न ठेवता छातीवरच्या किंवा कमरेवरच्या पट्ट्यात, हात सहज जाईल अशा जागी बांधावेत. रिव्हॉल्व्हर सोबत असण्यास हरकत नाही, परंतु ते चालवण्याचा चांगला सराव असेल तरच. केवळ या सहलीसाठी विकत घेतलेले आणि दोन-तीनदा निशाणा लावून पाहिलेले शस्त्र आपले रक्षण करील, असे मला वाटत नाही.

हे उत्तर पटण्यासाठी शिकाऱ्यावर हा प्रसंग कसा येतो, ते आधी पाहू. अस्वलांच्या प्रदेशात पायी फिरणाऱ्यांना दिला जाणारा प्रत्येक सल्ला शिकारी मोडत असतो, आणि ते त्याच्या कामातच आहे. बोलत चला, असे फिरस्त्यांना सांगतात. शिकारी पावलाचाही आवाज होऊ देत नाही. पहाट आणि तिन्हीसांज टाळा, असे सांगतात. एल्क नेमका त्याच वेळी बाहेर पडतो. शिकारी वारा तोंडावर घेऊन चालतो, त्यामुळे पुढच्या झुडपात बसलेल्या अस्वलालाही त्याचा वास लागत नाही. यात भर म्हणजे शरद ऋतूत ग्रिझली हिवाळ्यातील दीर्घ निद्रेसाठी चरबी साठवत असते आणि दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत अन्न खाऊ शकते. तेव्हा पिल्ले घेऊन असलेली मादी किंवा मेलेल्या जनावरावर बसलेला नर आपल्याला दिसतो, तोच मुळी तीस-चाळीस मीटरवर. धावणारे ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरचा वेग गाठते, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. हे अंतर ते दोन ते तीन सेकंदांत पार करील. साधनाची निवड या दोन-तीन सेकंदांत काय हाती येते आणि काय अचूक चालते, एवढ्यावरच करावयाची आहे.

आपल्या पहिल्या सहकाऱ्याची शंका अगदीच निराधार नाही, म्हणून तिचे उत्तर आकड्यांनी देतो. अलास्कामध्ये १९८५ ते २००६ या काळात स्प्रे वापरला गेल्याच्या ८३ घटनांचा अभ्यास टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००८ साली प्रसिद्ध केला. तपकिरी अस्वलांच्या (ग्रिझली याच जातीचे) बाबतीत ९२ टक्के वेळा आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा स्प्रेमुळे अस्वलाचे नको असलेले वर्तन थांबले, आणि स्प्रे जवळ बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना कोणतीही इजा झाली नाही. वाऱ्याने फवाऱ्यात अडथळा आणल्याची नोंद अवघ्या सात टक्के प्रसंगांत आहे. याच संशोधकांचा बंदुकांविषयीचा अभ्यास २०१२ साली आला. त्यात १८८३ ते २००९ या काळातील २६९ घटना होत्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के वेळा यशस्वी ठरले आणि रायफल किंवा शॉटगन ७६ टक्के वेळा. बंदूक जवळ असून ती चालवली किंवा चालवली नाही, यामुळे इजा होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, हा त्यातील निष्कर्ष मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो.

मात्र या दोन अभ्यासांचे आकडे समोरासमोर ठेवून स्प्रे बंदुकीपेक्षा इतक्या टक्क्यांनी सरस आहे असे म्हणणे योग्य नाही, आणि स्प्रेचे समर्थक ही चूक नेहमी करतात. स्प्रेच्या घटनांत कुतूहलाने किंवा अन्नाच्या वासाने जवळ आलेली अस्वले पुष्कळ आहेत, तर बंदुकीच्या घटनांत अंगावर येणाऱ्या अस्वलांचे प्रमाण मोठे आहे. तरीही मी स्प्रेच्या बाजूने आहे, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातून धावत्या अस्वलाच्या मर्मावर गोळी बसणे फार अवघड असते, तर फवाऱ्याचा ढग रुंद पसरतो आणि नेम थोडा चुकला तरी काम करतो. शिवाय जखमी ग्रिझली अधिक धोकादायक होते, आणि तीन माणसे जवळजवळ असताना सुटलेली गोळी कोणाला लागेल, हेही सांगता येत नाही.

आता दुसऱ्या सहकाऱ्याच्या रायफलविषयी. खरा धोका एल्क पडल्यानंतर सुरू होतो. ते जनावर तीनशे किलोंचे असू शकते. त्याचे पोट फाडणे, कातडे सोलणे आणि मांसाचे भाग करणे यांत काही तास जातात. या सबंध काळात आपण गुडघ्यांवर, मान खाली घालून, रक्ताने माखलेल्या हातांत सुरी धरून बसलेले असता आणि रायफल जवळच्या झाडाला टेकवलेली असते. ती झाडापाशी असल्याचा त्या क्षणी काहीच उपयोग नाही. म्हणून तिघांपैकी एकाने सुरीला हात न लावता स्प्रे हातात घेऊन केवळ चौफेर पाहत उभे राहावे आणि ही पाळी आलटूनपालटून घ्यावी. शक्य असल्यास जनावर दाट झाडीतून मोकळ्यावर ओढून आणावे. आतडी-कोथळा मांसापासून शंभर मीटर तरी दूर टाकावा. सगळे मांस एका फेरीत नेता येणार नसेल, तर उरलेले जमिनीपासून किमान तीन मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब, दुरून दिसेल अशा जागी टांगावे. ते नेण्यासाठी परतताना वारा पाठीवर घेऊन, मोठ्याने बोलत या. दोनशे मीटरवर थांबून दुर्बिणीतून पाहा. टांगलेले मांस हलवलेले दिसले किंवा टाकलेल्या आतड्यांवर माती-पालापाचोळा ओढलेला दिसला, तर अस्वलाने त्यावर हक्क सांगितला आहे असे समजून एल्क सोडून द्यावा. सहा महिने वाट पाहिलेली शिकार सोडणे किती जड जाते, याची मला जाणीव आहे. तरीही या एका बाबतीत कोणाचाही आग्रह मानू नये. तळावर मांस ठेवणार असाल, तर बॅटरीवर चालणारे वीजेचे हलके कुंपण अवश्य न्यावे.

स्प्रे विकत घेताना डब्यावर ‘बेअर स्प्रे’ असे स्पष्ट लिहिलेले आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्यावा. चोराचिलटापासून बचावासाठी पर्समध्ये ठेवतात तो छोटा फवारा येथे चालत नाही. अस्वलाच्या स्प्रेत मिरचीतील तिखट द्रव्ये, म्हणजे कॅप्सायसिन आणि त्याच्या जातीची संयुगे, एक ते दोन टक्के असतात. डबा किमान २२५ ग्रॅमचा, फवारा किमान साडेसात मीटर जाणारा आणि सुमारे सहा सेकंद टिकणारा असावा. फोडणीत मिरची करपली की साऱ्या घराला ठसका लागतो, त्याच्या कितीतरी पट हा मारा अस्वलाच्या डोळ्यांवर, नाकावर आणि श्वासावर होतो. पण तो हवेतच असावा लागतो. काही लोक डासांच्या औषधाप्रमाणे तो तंबूवर किंवा कपड्यांवर मारून ठेवतात. हे कधीही करू नये, कारण वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलांना उलट ओढून आणतो, असे आढळले आहे. डब्यावरची मुदत पाहावी. तो उन्हात बंद गाडीत ठेवू नये, कारण फार तापल्यास फुटतो; आणि कडाक्याच्या थंडीत दाब उतरून फवाऱ्याचा पल्ला घटतो, म्हणून रात्री झोपण्याच्या पिशवीजवळ ठेवावा.

सरावासाठी मिरची नसलेले डबे बाजारात मिळतात. त्यांतला एक आणून, ज्या हातमोज्यांनी शिकारीला जाणार तेच घालून, डबा म्यानातून काढणे आणि सुरक्षा-खिटी अंगठ्याने मागे सारणे हे पन्नास वेळा तरी करावे. मी स्वतः प्रथम केले तेव्हा जाड मोज्यांत खिटी सापडण्यासच चार सेकंद गेले होते. अस्वल अंगावर येऊ लागल्यास ते दहा-पंधरा मीटरवर असतानाच, नेम किंचित खाली धरून, एक-दोन सेकंदांचा फवारा त्याच्या वाटेत सोडावा, म्हणजे ते त्या ढगातूनच पुढे येईल. न थांबल्यास पुन्हा तोंडावर मारावा. पळू नये. इतके करूनही दचकलेल्या ग्रिझलीने झडप घातलीच, तर पाठपिशवी न काढता पालथे पडून, बोटे मानेमागे गुंफून, पाय फाकवून निश्चल राहावे. बहुतेकदा धोका टळला असे वाटताच ते निघून जाते. ते थांबलेच नाही, तर मात्र हाती येईल त्याने लढावे.

कायद्याविषयी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठी तिला मारणे गुन्हा नाही, परंतु त्याची माहिती पाच दिवसांच्या आत वन्यजीव अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे आणि मारलेले अस्वल किंवा त्याचे अवयव हलवता येत नाहीत. शेजारच्या वायोमिंगमधील ग्रँड टिटन राष्ट्रीय उद्यानात एल्कची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी जी नियंत्रित शिकार होते, तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, हातात रायफल असूनही, स्प्रे बाळगणे सक्तीचे आहे. आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याला हे जरूर सांगावे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीच्या व्हिसावर कोलोराडोत आहे. मित्रांबरोबर तो शिकारीच्या तळावर राहायला जाणार आहे. अस्वलासाठी मित्राचे पिस्तूल जवळ ठेवीन म्हणतो. मला काळजी वाटते.
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आपल्या काळजीचा अर्धा भाग अस्वलाविषयी आहे आणि अर्धा कायद्याविषयी, त्यातला दुसरा मला अधिक गंभीर वाटतो. कोलोराडोत आज केवळ काळी अस्वले आहेत. तेथील शेवटचे ग्रिझली १९७९ साली मारले गेले. काळे अस्वल सहसा हाकाटी केल्यावर निघून जाते, आणि त्याने हल्ला केलाच तर वर ग्रिझलीसाठी सांगितले तसे निपचित पडू नये. नाकातोंडावर प्रहार करीत लढावे. काळे म्हणतात तरी ते तपकिरीही असते, हे मुलाच्या कानावर घालावे. पिस्तुलाविषयी मात्र त्याला स्पष्ट लिहा : एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि मित्राचे शस्त्र थोडा वेळ हाताळणेही त्यात येऊ शकते. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना स्वतःच्या नावे असल्यास यातून सवलत मिळते, परंतु व्हिसा पणाला लागत असल्याने आधी वकिलाला विचारल्याशिवाय त्याने हात लावू नये.

स्प्रेला असा कोणताही अडसर नाही. मात्र तो विमानात, हातातल्या किंवा सामानातल्या कोणत्याही पिशवीत, नेता येत नाही. म्हणून मुलगा विमानाने जाणार असेल, तर तेथे पोहोचल्यावर विकत घ्यावा आणि परतताना तिथेच राहणाऱ्या मित्राकडे ठेवून यावे.