पूर ओसरल्यावर आधी काय सावरायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पूरग्रस्त कुटुंबांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. नावं वगळली आहेत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. बहुतेकांचा मूळ पेच एकच आहे: हातात थोडे पैसे आहेत आणि डोक्यावर खूप कामं, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : घरात छातीभर पाणी होतं. आता भिंती वरून कोरड्या दिसतात. यजमान म्हणतात, आधी गिलावा आणि रंग करून घेऊ, म्हणजे घर घरासारखं वाटेल. माझी शिलाईची दोन मशीनं चिखलात पडली आहेत. शिल्लक पैशात दोन्ही होणार नाही. काय करू?

ताई, मशीनं आधी. यजमानांची तगमग मला समजते. पोपडे सुटलेल्या भिंतींकडे पाहत रोज उठणं सोपं नसतं. पण भिंतीला थांबता येतं, लोखंडाला नाही. गाळ सुकला की तो सांध्यांत दगडासारखा बसतो आणि गंज तर पहिल्या दिवसापासूनच लागतो.

गाळ अडकलेला असताना चाक फिरवू नका. स्वच्छ पाण्याने गाळ पूर्ण धुऊन काढा, लगेच पुसा, सांध्यांत रॉकेल सोडून थोडा वेळ राहू द्या, मग पुसून मशीनचं तेल घाला. त्यानंतरच चाक हळूहळू हाताने फिरवून पाहा. विजेची मोटर असेल तर ती वेगळी काढून जाणकार मेकॅनिककडे द्या. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, वाळवून तिचं इन्सुलेशन (विजेची गळती रोखणारं आवरण) मेगर या तपासणी यंत्राने तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. पुरातून वाचलेल्या मोटरी अनेकदा या एका घाईमुळे जळतात.

आता भिंती. वीटभिंत वरून सुकलेली दिसली तरी आतली ओल फार हळू निघते. बांधकामातला जुना ठोकताळा आहे की इंचभर जाडीला साधारण एक महिना लागतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वारा खात असली तरी सुकायला कित्येक महिने घेते. त्याआधी सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट लावला तर ओल आत कोंडते, लोणा लागतो, रंग फुगतो आणि तेच पैसे दुसऱ्यांदा खर्च होतात. मातीची किंवा चुन्याची भिंत असेल तर सिमेंट तिला आणखीच मारक. साधी चाचणी करून पाहा : फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवा. दोन दिवसांनी आतून थेंब दिसले तर भिंत अजून तयार नाही.

तोवर सुटलेला गिलावा खरवडून काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, सामान भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भिजलेल्या गाद्या, उशा, प्लायवूड यांचा मोह सोडा. ओल्या वस्तूवर एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि गादीच्या आतली बुरशी उन्हाने जात नाही. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसताना त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

यजमानांना एक सांगून पाहा. एकच खोली निवडा, ती स्वच्छ करा, तिथे दिवा लावा, मशीन मांडा. घर परत मिळाल्याची भावना रंगाने येते त्याहून जास्त पहिल्या कमाईने येते, हे मी अनेक कुटुंबांत पाहिलं आहे.

प्रश्न : दुकानाच्या उधारीच्या वह्या, घराची कागदपत्रं आणि आईचे जुने फोटो भिजले आहेत. उन्हात वाळवू का?

कडक उन्हात नको आणि इस्त्रीखाली तर मुळीच नको. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत आर्नो नदीचं पाणी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं आणि असंख्य पुस्तकं चिखलात गेली. भिजलेला कागद कसा वाचवायचा, याचं आजचं बरंचसं ज्ञान तिथल्या कामातून वाढलं आहे. त्यातलं घरी वापरता येण्यासारखं एवढंच की एकमेकांना चिकटलेले ओले फोटो तसेच वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरा. वह्यांच्या पानांमध्ये कोरा, शाई नसलेला कागद घालून तो पुन्हा पुन्हा बदला. सगळं एकदम जमणार नसेल तर उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी थांबते आणि तुम्हाला सवड मिळते.

उधारीबद्दल मात्र आज रात्रीच बसा. कुणाकडे किती येणं होतं, ते आठवेल तसं नव्या वहीत लिहा, घरातल्या सगळ्यांना विचारून. आठवण महिनाभरात पुसट होते. आणि गिऱ्हाइकांना सरळ सांगा की वही गेली, तुमचा आकडा तुम्हीच सांगा. प्रामाणिक माणसं तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील.

प्रश्न : शेतात वीतभर गाळ बसला, पीक कुजलं. एक हंगाम जमीन पडीक ठेवून विश्रांती द्यावी, असं शेजारी म्हणतात. बरोबर आहे का?

पडीक ठेवू नका, दादा. मुळांना स्फुरद पोचवणारी मायकोरायझा नावाची उपयुक्त बुरशी मातीत असते आणि ती जिवंत मुळांवरच जगते. शेतात पाणी साचलं, नंतर काहीच पेरलं नाही, की ती घटते आणि पुढच्या वर्षीचं पीक पिवळं-जांभळं, खुरटलेलं येतं. १९९३मध्ये अमेरिकेत मिसिसिपीला महापूर आला, त्यानंतर पडीक राहिलेल्या शेतांत मक्याचं असंच झालं होतं. म्हणून काहीतरी पेराच. शेंगवर्गातलं हिरवळीचं पीक, म्हणजे वाढवून जमिनीतच गाडायचं पीक, असेल तर उत्तम. विकण्यासारखं नसलं तरी चालेल, जमिनीत मुळं हवीत.

पण वापसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन मशागतीइतकी सुकल्याशिवाय, ट्रॅक्टर आत घालू नका. ओल्या गाळावरून चाक गेलं की जमीन खाली घट्ट दाबली जाते आणि ते दुखणं अनेक वर्षं राहतं. पातळ गाळ नांगरटीत मिसळून जातो. वीतभर गाळ मात्र आधी पसरवून विभागावा किंवा उचलून काढावा लागतो. आणि पुराचं पाणी लागलेला भाजीपाला ताजा दिसला तरी घरात खाऊ नका, विकूही नका. त्या पाण्यात मैला मिसळलेला असतो.

प्रश्न : चिखल उपसताना पायाला जखम झाली. आता ताप आहे आणि पोटऱ्या दुखतात. थकव्याने असेल का?

हे वाचत असाल तर आधी दवाखान्यात जा, बाकीचं नंतर वाचा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शरीरात शिरतो आणि पाण्यातून आल्यावर २ ते ३० दिवसांत कधीही दिसू शकतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत. लवकर कळला तर औषधांनी बरा होतो. ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना तुम्ही होऊन सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा ढग दिसले की रडतो, पुन्हा अंथरूण ओलं करू लागला आहे. सासरे त्याला रागावतात. आणि नवरा त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाही. कुणी म्हणतं, त्याला एकदा सगळं बोलायला लावा, मोकळा होईल.

मुलाचं आधी. सासऱ्यांना माझ्या वतीने सांगा की तो हट्ट करत नाही. मोठ्या भीतीनंतर मूल लहान वयाच्या सवयींकडे परततं आणि बहुतेक मुलं आधार मिळाला की काही आठवड्यांत सावरतात. न बोलता चादर बदला. झोपायची, जेवायची, अभ्यासाची वेळ शक्य तितकी रोज तीच ठेवा. शाळा सुरू असेल तर पाठवा, दप्तर नसलं तरी. पाऊस आला की त्याला एखादं खरं काम द्या : पाणी आलंच तर घ्यायची पिशवी त्याच्याकडून भरून घ्या, टॉर्च त्याच्या ताब्यात द्या, कुठे जायचं ती वाट दिवसाउजेडी चालून दाखवा. ‘आता पूर येणारच नाही’ असं खोटं वचन देऊ नका. ‘आला तर आपण काय करणार’ हे ठाऊक असलेलं मूल शांत झोपतं.

नवऱ्याला बळेच बोलतं करू नका. संकटानंतर लगेच माणसाकडून सगळी हकिगत वदवून घेण्याची पद्धत एके काळी रूढ होती. तिचा उपयोग होत नाही आणि काहींना त्रासच होतो, असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तिच्याविरुद्ध सल्ला दिला. संघटनेच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या, अशी साधी वाट सांगितली आहे. तो बोलला तर ऐका, गप्प राहिला तर जवळ बसा. मात्र महिना उलटूनही झोप नाही, कामात लक्ष नाही, दारू वाढली असं असेल तर डॉक्टरांकडे न्या. आणि जगण्यात अर्थ नाही, असं एकदा जरी म्हणाला तर त्याच दिवशी न्या, त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न : दूरच्या शहरात नातेवाइकांची रिकामी खोली आहे. इथे तात्पुरत्या निवाऱ्यात गर्दी आहे, पण आळीतली सगळी माणसं इथेच आहेत. जावं का?

आजारी, गरोदर किंवा फार वयस्कर कुणी असेल तर त्यांना पाठवा. बाकीच्यांनी शक्यतो शेजाऱ्यांजवळ राहावं, असं माझं मत आहे. १९७२मध्ये अमेरिकेतल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळशाच्या गाळाचा बांध फुटला. १२५ माणसं गेली, हजारो बेघर झाली. सरकारने फिरती घरं दिली, पण शेजारी कुठे गेले हे न पाहता मिळेल त्या जागी माणसं बसवली. डोक्यावर छप्पर होतं, तरी लोक आतून खचत गेले, कारण ज्यांच्यात ते वाढले ती माणसं विखुरली होती. मुलांवर नजर ठेवणारी शेजारीण, कामाची खबर देणारा मित्र, रांगेत तुमच्यासाठी उभा राहणारा कुणी : हे सगळं उपजीविकेचाच भाग आहे.

प्रश्न : पाच महिने झाले. मदत थांबली, विचारपूसही थांबली. जुन्या कर्जाचा हप्ता थकतोय. सावकाराकडून घेऊ की जमिनीचा तुकडा विकू? खरं सांगायचं तर पुराच्या आठवड्यापेक्षा आता जास्त खचलोय.

दादा, तुम्ही कमकुवत पडलेला नाहीत. सुरुवातीला सगळे धावून येतात, अंगात बळ संचारतं. गर्दी ओसरते आणि खर्च उरतो, तेव्हा माणूस खचतो. आपत्तीत काम करणाऱ्यांना हा टप्पा चांगला ओळखीचा आहे. म्हणूनच या मनःस्थितीत न परतणारा निर्णय घेऊ नका. जमीन आत्ता विकू नका. पुरानंतर अनेक जण एकाच वेळी विकायला काढतात आणि भाव पडतो. सावकाराचं कर्ज घरखर्चासाठी तर नकोच. घ्यायचंच झालं तर कमाई सुरू करून देणाऱ्या एखाद्या साधनापुरतं, आणि व्याज वर्षाला किती पडतं ते कागदावर मांडून पाहिल्यावरच.

हप्ता चुकण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेत स्वतः जा. नुकसानीचे फोटो, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, आणि दरमहा खरोखर किती भरता येईल तो आकडा सोबत न्या. मुदत वाढवून, हप्ता कमी करून लेखी मागा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. थकबाकीदाराचा शिक्का बसण्यापूर्वी केलेली विनंती जास्त ऐकली जाते, म्हणून हे याच आठवड्यात करा. जाताना बायकोला किंवा भावाला बरोबर घ्या. एकट्याने हे ओझं पाच महिने वाहिलंत, तेवढं पुरे.