जुन्या क्लासिक हॉरर आणि मॉन्स्टर सिनेमांचे रिमेक व्हायला हवेत का, की ते आहेत तसेच राहू द्यावेत?

व्हायला हवेत. एकच अट, बनवणाऱ्याने जुना चेहरा परत वापरायचा नाही.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की ओरिजिनलची जादू परत येत नाही, मग हात कशाला लावायचा. माझा मोठा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला नुसतं दादाच म्हणतो, तो म्हणतो हात लावलात तर हुबेहूब तसंच करा. वरवर वेगळं वाटतं पण दोन्हीचं मूळ एकच, की तो चेहरा म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. आणि याच मुद्द्यावर माझं आणि दादाचं 1996 पासून भांडण चालू आहे, म्हणून उत्तर लांबणार.

मी इंदूरची, रामबागेत वाढले. नोकरी वेगळी करते पण हौशी मराठी नाटकांची रंगभूषा कॉलेजपासून करतेय. लहानपणी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चालते देखावे, बघायला आम्ही रात्रभर जागायचो, त्यात राक्षस असायचेच, मोटरवर हात हलायचा, डोळ्यांत लाल बल्ब. पहिल्या वर्षी मी आईच्या पदराआड लपले होते. तिसऱ्या वर्षी मी त्याची वाट बघायला लागले, अजून कसा नाही आला म्हणून. तोच मिशीवाला, तीच बाहेर आलेली जीभ. ओळख झाली की भीती जाते, हे मला तिथे कळलं, सिनेमे नंतर आले.

तर 96 च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने एकांकिका बसवली, फ्रँकेन्स्टाइनच्या गोष्टीवर, माळव्यातला एक डॉक्टर आणि त्याने प्रेतांतून जोडलेला माणूस. लिहिली दादाने, बसवली दादाने, आणि चांगली लिहिली होती हेही सांगते. मेकअप माझ्याकडे. मी बावीस वर्षांची. दादाने एका मासिकातलं कात्रण आणून दिलं, 1931 च्या सिनेमातला बोरिस कार्लॉफ, चपटं डोकं, मानेत ते दोन खिळे. म्हणाला, "हेच पाहिजे. लोकांना बघताक्षणी कळलं पाहिजे."

तो चेहरा युनिव्हर्सल स्टुडिओच्या मेकअपवाल्या जॅक पिअर्सने बनवला होता आणि त्याच्यापुढे मी आजही हात जोडते. कापूस आणि कोलोडियनचे (वाळला की कातडीसारखा घट्ट होणारा चिकट द्रव) थर देऊन कपाळ उभं केलेलं, रोज साधारण 4 तास लागायचे, पापण्यांवर मेण लावलं होतं म्हणजे नजर अर्धी मेलेली दिसावी, आणि कार्लॉफने तोंडातले बसवलेले दात काढून एका बाजूचा गाल आत घेतला होता. पण तो चेहरा 1931 साली कोणी पाहिलेलाच नव्हता, भीती त्यातून आली. मेरी शेलीच्या 1818 च्या पुस्तकात चपटं डोकं नाहीये, खिळे नाहीयेत. तिथे पिवळी कातडी आहे, लांब काळे केस आहेत, काळे ओठ आहेत. एडिसनच्या कंपनीने 1910 मध्येच यावर सिनेमा काढला होता. म्हणजे ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो तोच मुळात पहिला नाही! पिअर्सने पुस्तकाची नक्कल केली नाही, जुन्या सिनेमाची केली नाही, आणि आपण मात्र पिअर्सची नक्कल करायची?

मी लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि तीन रात्री जागून विचार केला की आमच्या गल्लीतल्या माणसांना मेलेला माणूस कसा माहिती आहे. सगळ्यांनी आपापल्या घरात बघितलेला असतो ना. नाकात कापूस, पायाचे अंगठे दोऱ्याने बांधलेले, केस ओले. मी तेच केलं. पॅनकेकमध्ये, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या रंगात, पिवळा जास्त मिसळला, ओठ काजळाने काळे, डाव्या पापणीवर मेण, नाकपुड्यांत कापूस आणि एका अंगठ्याला तुटलेला पांढरा दोरा, जो तो चालताना मागे घसटत जाईल. भूमिका करणारा मुलगा उंच होता आणि त्याला मी फक्त एवढंच सांगितलं की श्वास तोंडाने घे, नाक बंद आहे तुझं. त्या श्वासाचा जो आवाज यायचा तो माझ्या डोक्यात आधी नव्हता, तो आपोआप आला.

दादाने मेकअप पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी बघितला. "हे काय करून राहिलीस तू? हा कोण आहे? कोणाला ओळखू येणार?" बदलायला वेळ नव्हता म्हणून तसाच प्रयोग झाला.

तो विंगेतून आला आणि मांडवात आवाज बंद झाला. गणपतीच्या मांडवात, जिथे पोरं खुर्च्यांखालून रांगत असतात आणि मागे कोणीतरी प्रसादाचे द्रोण लावत असतं, तिथे फक्त त्या श्वासाचा आवाज. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले, निघून नाही गेले, नुसते उभे. मी विंगेत होते, माझ्याच अंगावर काटा आला.

त्या रात्री दादा आणि मंडळाची दोन मोठी माणसं म्हणाली की देवासमोर हे अशुभ आहे, कापूस काढ. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला दादाने थर्माकोलचं चपटं डोकं आणि पुठ्ठ्याचे खिळे करून आणले. तो आला तशी शिट्टी पडली, पोरं ओरडली, "अरे भिया, फ्रँकेन्स्टाइन!", टाळ्या. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला दादा विचारतो, "टाळ्या कोणाला पडल्या?"

टाळ्या ओळखीला पडल्या दादा. आपला माणूस स्टेशनवर दिसला की हात हलवतो, तसं झालं ते.

आता हे फक्त माझं म्हणणं नाहीये, याचा पुरावा आहे. 1957 मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने फ्रँकेन्स्टाइन करायला घेतला. गोष्ट कोणाच्या मालकीची नव्हती, पण पिअर्सचा तो मेकअप युनिव्हर्सलचा होता, आणि त्यांनी बजावून ठेवलं होतं की आमच्यासारखा चेहरा दिसला तर कोर्टात खेचू. मग हॅमरच्या मेकअपवाल्या फिल लीकीला नाइलाजाने नवीन चेहरा करावा लागला. राक्षस झालेल्या क्रिस्टोफर लीचा तो चेहरा बघा, टाके, फुटलेलं बुबुळ, अपघातातून उचलून आणलेला माणूस, आणि रंगीत. कसला हादरवतो. पुढे 1964 च्या भागाच्या वेळी युनिव्हर्सलच बरोबर आली, परवानगी मिळाली, आणि हॅमरने लगेच चपटं डोकं वापरलं. तो राक्षस म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं डोक्यावर घातलेला माणूस दिसतो. तीच कंपनी, तोच पीटर कुशिंग डॉक्टरच्या भूमिकेत. परवानगी मिळाली आणि राक्षस मेला.

बाकीची उदाहरणंही तशीच. 1958 च्या 'द फ्लाय' या माशीवाल्या सिनेमात माणसाच्या धडावर सरळ माशीचं डोकं होतं, दिग्दर्शक क्रोनेनबर्गने 1986 च्या रिमेकमध्ये ते टाकून दिलं आणि माणूस आजाऱ्यासारखा हळूहळू झडत जातो असं दाखवलं, नखं निघतात, दात निघतात, आणि मेकअपचं ऑस्कर त्या सिनेमालाच मिळालं. कार्पेंटरने 1982 मध्ये 'द थिंग' करताना 1951 च्या सिनेमातला उंच राक्षस बाजूला ठेवला आणि मूळ कथेकडे गेला, जिथे तो कोणाचंही रूप घेतो. तेव्हा चालला नाही तो, हे खरं, पण आज लोक कुठला बघतात? उलट 1998 मध्ये 'सायको' जवळपास शॉट टू शॉट परत काढला, दादाच्या नियमाप्रमाणे, आणि कोणाला काही वाटलं नाही. 2024 च्या 'नॉस्फेरातू'त काउंटला मिशी दिली म्हणून लोक चिडले, 1922 चा टकला उंदीरदात्या हवा होता त्यांना. पण तो काउंट मुळात ड्रॅक्युलाच, नुसतं नाव बदललेलं, आणि ब्रॅम स्टोकरच्या पुस्तकात ड्रॅक्युलाला चांगली लांब मिशी आहे!

आणि आपल्याकडे 'झपाटलेला'. कल्पना परदेशी बाहुलीवरून घेतलेली हे सगळ्यांना माहितीये, पण तात्या विंचू आपल्या गल्लीतला गुंड वाटतो, म्हणून तेव्हाच्या पोरांना रात्री पलंगाखाली बघायला भीती वाटायची. तिकडची बाहुली तशीच आणून ठेवली असती तर कोण घाबरलं असतं?

हां, एक गोष्ट आहे जी मी दादाला कधी तोंडावर कबूल केली नाही. पहिल्या प्रयोगाला आमच्या गल्लीतल्या एक काकू बसल्या होत्या, त्यांचे यजमान त्याच वर्षी चैत्रात गेले होते. त्या मधेच उठून घरी गेल्या. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी गेले त्यांच्याकडे, माफी मागितली, त्यांनी चहा दिला आणि काही बोलल्या नाहीत. घाबरवणं वेगळं आणि दुखावणं वेगळं, आणि मला तेव्हा तो फरक कळत नव्हता. कापूस काढायला लावला हे कदाचित बरोबर होतं. थर्माकोल लावला ते चूकच होतं, त्यावर मी अजून ठाम आहे.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर: रिमेक झाला म्हणून जुना पुसला जात नाही. 1922 च्या 'नॉस्फेरातू'च्या सगळ्या प्रती नष्ट करायचा तर कोर्टाने आदेश दिला होता, तरी तो आज बघता येतो. मुलांना आधी जुना दाखवा, अंधार करून, फोन बाजूला ठेवून, हे मात्र जरूर करा.

आणि दादा, तू हे वाचशीलच, भाचीने तुला लिंक पाठवलेली असेल. दिवाळीत घरी ये. 1957 चा आणि 1964 चा एकामागून एक लावते, मधे काही बोलणार नाही.