कर्ज काढून जर्मनीत शिकतोय. शनिवार-रविवारी मित्रांसोबत फिरायला गेलो तर चुकतंय का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जालना जिल्ह्यातले, शैक्षणिक कर्ज काढून जर्मनीत शिकायला गेलात. मित्र सुट्टीला फिरायला बोलावतात, जावंसंही वाटतं, पण वडील शेतात राबत असताना आपण फोटो काढत हिंडायचं हे मनाला पटत नाही. आणि शेवटी विचारलंय, 'तुम्ही घरी काय सांगायचात?'

मी खोटं सांगायचो. लायब्ररीत आहे म्हणून.

मी औशाजवळच्या एका खेड्यातला. २०२१ ते २०२३ जर्मनीत ड्रेस्डेनला शिकायला होतो, आता लातुरात नोकरी करतो. पहिले आठ-नऊ महिने खोली, लॅब आणि सुपरमार्केट सोडून कुठंही गेलो नाही. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आपल्याच खर्चाच्या पैशातून, महिन्याला ८६१ युरो सुटायचे (सप्टेंबर २०२४ पासून ९९२ झालेत, तुम्हाला माहीत असेलच). प्रत्येक युरोला ऐंशीनं गुणायची खोड लागली होती. तीन युरोची कॉफी म्हणजे दोनशे चाळीस रुपये, म्हणजे एका बाईची दिवसभराची खुरपणी. असा हिशोब सुरू झाला की कॉफी घशाखाली उतरत नाही. गंमत म्हणजे सेमेस्टरच्या फीमध्येच रेल्वेचं तिकीट आलेलं होतं. पैसे आधीच भरलेले, आणि मी खोलीत बसून काटकसर करत होतो!

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या चौघांचं ठरलं. एक नांदेडचा, एक अंबाजोगाईचा, बीडची एक मुलगी आणि मी. त्या उन्हाळ्यात तिथं जून ते ऑगस्ट ९ युरोचं तिकीट होतं. महिनाभर देशातली कुठलीही साधी गाडी, लोकल, ट्राम, बस. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या त्यात नव्हत्या. त्यामुळं सगळा देश रुळावर आलेला, एल्बे नदीच्या काठानं जाणाऱ्या लोकलमध्ये आम्ही थेट आपल्या पॅसेंजरसारखे दाराशी उभे. खरं तर आम्हाला जंगलातले कडे बघायचे होते, पण जुलैच्या शेवटी शेजारच्या चेक देशाच्या हद्दीत वणवा पेटला होता. म्हणून शनिवारी क्योनिगश्टाइनचा किल्ला आणि रविवारी पलीकडं चेकमधलं डेचीन असा बेत झाला. दोन्ही रात्री मुक्कामाला आपापल्या खोलीवर. हॉटेल नाही म्हटलं की निम्मा खर्च तिथंच संपतो.

किल्ला सपाट माथ्याच्या डोंगरावर आहे. नांदेडकर पहिल्या तटापासूनच 'देवगिरीपुढं हे काहीच नाही' म्हणत होता, ते परत येईपर्यंत म्हणतच राहिला. पण विहिरीपाशी तोही गप्प झाला. १५२.५ मीटर खोल, म्हणजे बरोबर पाचशे फूट. आमच्याकडं तेवढं बोअर मारतात, आणि तरी फुफाटाच उडतो. हे मात्र १५६३ ते १५६९, सहा वर्षं माणसांनी खडक फोडत खाली नेलेलं. लातूरच्या माणसाला राजवाडा दाखवू नका, विहीर दाखवा. आम्ही तिथं अर्धा तास उभे होतो.

मग तटावर बसून डबे उघडले. बीडच्या मुलीनं धपाटे केले होते, शेंगाची चटणी माझी. पहिला घास घेतोय तोच आईचा व्हिडिओ कॉल. मी सवयीनं उचलला, आणि सवयीनंच म्हणालो, 'लायब्ररीत आहे.'

वाऱ्यानं माझे केस उभे राहिले होते. मागं सगळं आभाळ.

'लायब्ररीला छत नाही का रे?' आई म्हणाली.

तिघं हसले, तेही तिकडं ऐकू गेलं. आईही हसली. पण फोन वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हातात गेला आणि ते काहीच बोलले नाहीत. नुसता चेहरा दिसत होता, मागं गोणपाट टांगलेलं. त्या वर्षी आमच्याकडं सोयाबीनवर गोगलगायी पडल्या होत्या, तुमच्याकडं कसं होतं माहीत नाही. कोवळी रोपं रातोरात कातरून टाकायच्या. अण्णा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाबांधानं टाकायचे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायचे. आमची दुबार पेरणी झाली होती. त्याचे पैसे कुठून आले ते मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

'जेव,' एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रागावले असते तर बरं झालं असतं. उरलेला दिवस मी फोटोत नीट हसलो नाही.

रविवारी डेचीनला जाणार नव्हतो. अंबाजोगाईच्या मित्रानं खोलीवर येऊन अक्षरशः उठवून नेलं. हद्दीपलीकडच्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढावं लागलं. डेचीनला एल्बेच्या डाव्या काठाला, पुलाजवळ एक दगड आहे. त्याला 'भुकेचा दगड' म्हणतात. नदी फार खाली गेली की तो उघडा पडतो, आणि ज्या ज्या वर्षी असं झालं त्यातली कितीतरी सालं लोकांनी त्यावर कोरून ठेवलीत. १६१६, १७०७, १८४२, १८९३. तेव्हा नदी आटली की नावा थांबायच्या, पीक जायचं, पुढं उपासमार. म्हणून जर्मनमध्ये एक ओळ कोरलीय: 'मी दिसलो की रड.'

त्या ऑगस्टमध्ये तो चांगलाच दिसत होता. काठाच्या गोट्यांवर वाळलेलं शेवाळ, आणि लोक आइस्क्रीम खात फोटो काढत होते. इकडं आमच्याकडं पाऊस जास्त होऊन रानं चिबडली होती, तिकडं ही नदी कोरडी. आमच्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी स्टेशनवर ती गाडी बघायला गेलो होतो, गर्दीत. आणि आता या दगडापुढं उभा.

मी आपणहून अण्णांना फोन लावला. खोटं बोललो होतो हे आधी सांगितलं. ते 'हूं' म्हणाले. 'गोगलगायी वेचायलोत,' म्हणाले, 'तू काय करायलास?' मग मी कॅमेरा फिरवून दगड दाखवला, सालं वाचली, ओळीचा अर्थ सांगितला.

बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

'आपल्या बारवाला पायऱ्या होत्या,' अण्णा म्हणाले. 'नववी पायरी उघडी पडली की तुझा आजा बैल बाजारात न्यायचा. बहात्तरला सगळ्या दिसल्या. तळ दिसला.' अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. दुष्काळी कामावर त्यांची आई खडी फोडायची आणि त्यांना सुकडी मिळायची, एवढं मला माहीत होतं. नववी पायरी मात्र त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितली.

दगडावर नंतरच्या काळात कुणीतरी चेक भाषेत आणखी एक ओळ घातलीय: 'रडू नको पोरी, कोरडं पडलं तर शेताला पाणी मार.' तीही सांगितली. अण्णा एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारचे बघायला लागले.

'नदीच आटली तर पाणी कशाचं मारावं? शेतकरी नसंल तो!'

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जा, आणि घरी सांगून जा. परीक्षा तोंडावर असेल तर नाही, आणि पार्टटाइमची शिफ्ट बुडवून नाही. आता डॉइचलांड-टिकेट आहे, म्हणजे देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम, बसला चालणारा महिन्याचा पास; बऱ्याच ठिकाणी ते विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं. ते नसेल तर पाच जणांपर्यंत चालणारं राज्याचं एकदिवसीय तिकीट वाटून घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, डबा शनिवारीच करा. बाटली नळावर भरून न्या. हद्द ओलांडणार असाल तर पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट, दोन्ही खिशात. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

आणि फिरताना एखादी अशी गोष्ट शोधा जी वडिलांना दाखवता येईल. त्या दगडाचा फोटो अण्णांनी पारावर सगळ्यांना दाखवला. त्यानंतर शिक्षण संपेपर्यंत दर रविवारी फोन लागला की माझी चौकशी नंतर, आधी हाच प्रश्न:

'दगड बुडला का रे?'