हेल्मेट नव्हतं, लायसन्स संपलेलं, तरी क्लेम मिळते का?

प्रश्न असा आला: "वय 32, नागपुरात कूलर-एसी रिपेअरिंगची कामं घेतो. चार महिन्यांआधी संध्याकाळी हिंगणा रोडवर समोरच्या पिकअपने इंडिकेटर न देता एकदम उजवीकडे मारली, मी बाईकसकट आदळलो. पायाची नळी तुटली, रॉड टाकला. हेल्मेट नव्हतं, लायसन्स संपलेलं, बाईकचा इन्शुरन्सही संपलेला. पिकअपच्या मालकाने 20 हजार देऊन स्टॅम्पवर 'आपसात मिटलं' असं लिहून घेतलं. एफआयआर तीन दिवसांनी झाली. लोक म्हणून राहिले की क्लेम केला तर तूच फसशील. काय करू?"

भाऊ, आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 चा (नुकसानभरपाईचा) क्लेम अपघातापासून 6 महिन्यांत टाकावा लागतो, म्हणजे तुमच्या हातात दोनच महिने आहेत. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका, वेळेत अर्ज टाकला की हा वादच उरत नाही.

आता फसण्याचं. लायसन्स, हेल्मेट, इन्शुरन्स नसणं हे गुन्हे आहेतच, त्याचा दंड बसला तर भरा. पण नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळा आहे, तिथे ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट, बघते की अपघात कोणाच्या चुकीने झाला. नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून रायडरची चूक धरता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2008 मध्येच सांगितलं आहे. हेल्मेटचंही तसंच, डोक्याला मार असता तर पिकअपच्या इन्शुरन्स कंपनीने तो मुद्दा ताणला असता, पण मोडला पाय, तिथे हेल्मेटने काय केलं असतं सांगा. आणि तुमच्या बाईकच्या पॉलिसीचा इथे संबंधच नाही, पैसे द्यायचे आहेत पिकअपच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सने. एक गोष्ट मात्र खरी की कंपनी म्हणणार तुम्ही फास्ट होता, मागून ठोकलं, आणि ट्रिब्युनलला थोडीफार चूक तुमची वाटली तर तेवढे टक्के कापल्या जातील. म्हणून एफआयआर, स्पॉट पंचनामा आणि चार्जशीटची कॉपी तपास अधिकाऱ्याकडून घ्या, आसपासच्या दुकानाचं फुटेज पोलिसांनी घेतलं का तेही विचारा. तीन दिवसांचा उशीर चालून जातो, तुम्ही तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होता हे हॉस्पिटलच्या कागदावर दिसतेच.

स्टॅम्पचा कागद. 20 हजारांत रॉडचा खर्चही निघत नाही, आणि तेवढ्या कागदाने ट्रिब्युनलचं दार बंद होत नाही. पण लपवू नका, अर्जातच लिहा की इतके मिळाले, फार तर तेवढे वजा होतील. लपवलं आणि उलटतपासणीत निघालं तर तुमच्या बाकी खऱ्या गोष्टीही खोट्या वाटायला लागतात.

कंपनीचा माणूस कलम 164 चे अडीच लाख लवकर देतो म्हणून येऊ शकतो. हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरतात आणि तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे मोह होतेच. पण ती रक्कम स्वीकारली की कलम 166 चा अर्ज संपतो. तुमच्या केसमध्ये मी तरी सही करू देणार नाही, का ते हिशोबात बघा.

32 वयाला मल्टिप्लायर (वर्षाची कमाई किती पटीने धरायची तो आकडा) 16, स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत म्हणून कमाईच्या पुढच्या वाढीचे 40 टक्के जोडतात. समजा महिन्याची कमाई 18,000 सिद्ध झाली आणि कमावण्याची ताकद 20 टक्के गेली असं धरलं, तर 25,200 गुणिले 12 गुणिले 16, त्याचे 20 टक्के, म्हणजे 9,67,680. तीच कमाई पुराव्याअभावी 10,000 धरली तर 5,37,600. औषधपाणी, वेदना, बुडालेले दिवस, कलम 171 खालचं व्याज हे वरचं वेगळं. म्हणजे खरी लढाई कमाईच्या पुराव्याची आहे, अन् आपल्याकडचे कारागीर इथेच हरतात कारण सगळा धंदा तोंडी. तुमचा सीझन मार्च ते जून, तेव्हाची फोनपे-गूगलपेची हिस्टरी, बँक स्टेटमेंट, मोटर-पंप-गॅस घेतल्याची बिलं, नेहमीचे तीन-चार गिऱ्हाईक जे कोर्टात येऊन सांगतील, हे आजपासून गोळा करा. आणि आता घाईने फुगवलेलं इन्कम टॅक्स रिटर्न भरू नका बाप्पा, अपघातानंतरची तारीख जज लगेच पाहतात.

टक्केवारीचंही समजून घ्या. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) बोर्डाकडून अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल ते पायाचं असेल, ट्रिब्युनलला हवं असते तुमच्या कामाचं किती बिघडलं ते. क्लर्कचा पाय आणि शिडीवर चढून आउटडोअर युनिट बसवणाऱ्याचा पाय सारखा धरत नाहीत, 2010 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल नेमका हेच सांगतो. म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागेल, आणि रॉड काढायच्या पुढच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या. अर्ज मात्र सर्टिफिकेटसाठी थांबवू नका, ते मागाहून दाखल करता येते. लोकअदालतीत तडजोड करायची तर ते हातात आल्यावरच करा, तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही.

अर्ज सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या ट्रिब्युनलमध्ये जाईल, ड्रायव्हर, मालक आणि कंपनी तिघांनाही पार्टी करा. ड्रायव्हरकडे फक्त एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स होतं म्हणून कंपनीने हात वर केले तर घाबरू नका, 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते चालते हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं आहे.

हॉस्पिटलच्या गेटवर 'तीस टक्क्यांत क्लेम काढून देतो' म्हणणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, वकिलाला रकमेत टक्का घ्यायची मनाईच आहे. फी परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील फुकट मिळतो. आणि पिकअपवाल्याचा परत फोन आला, अजून एका कागदावर सही मागितली, तर वकिलाचा नंबर द्या आणि फोन ठेवा.