वाचकांचे प्रश्न : बेसवाला निघाला, आता बँडचं काय?

प्रश्न : आम्ही चौघं आठवीपासूनचे मित्र. दहावीच्या सुट्टीत बँड सुरू केला. दोन वर्षांत कॉलेजचं गॅदरिंग, एका गणेश मंडळाचा कार्यक्रम असं सहा-सात ठिकाणी वाजवलं. आता बेस गिटार वाजवणारा म्हणतो, थकलोय, मला नाही जमणार. बाकीचे दोघं त्याच्याशी बोलायचे बंद झालेत. आर्क्टिक मंकीजही शाळेतलेच मित्र ना? मग ते एवढी वर्षं एकत्र कसे टिकले?
– एक ड्रमर, सांगली

उत्तर : मित्रा, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातल्या या रॉक बँडचे चारही जण टिकले नाहीत. त्यांचाही बेसवालाच गेला. तू नेमकं त्यांचंच नाव घेतलंस, म्हणून जरा सविस्तर सांगते.

2005 च्या सप्टेंबरात मी धातुशास्त्र शिकायला शेफिल्डला गेले. पोलादाचं आणि सुऱ्या-कात्र्यांचं गाव, सगळं चढ-उताराचं. आमच्या विभागाच्या इमारतीपासून चालत पाच-सात मिनिटांवर ट्रिपेट लेन नावाची गल्ली आहे. तिथल्या ‘द ग्रेप्स’ या पबमध्ये 13 जून 2003 ला या पोरांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. तिकिटांचे हातात आले 27 पौंड. मी त्या दारावरून रोज जायचे, आणि हे कळल्यापासून दर वेळी मान वळायचीच.

शहराच्या उत्तर टोकाला हाय ग्रीन नावाची वस्ती आहे. गाणारा ॲलेक्स टर्नर आणि मॅट हेल्डर्स तिथले शेजारी, प्राथमिक शाळेपासूनचे सोबती. अँडी निकल्सन, म्हणजे त्यांचा बेसवाला, माध्यमिक शाळेत भेटला. जेमी कुकही शेजारपाजारचाच. टर्नर आणि कुक यांना 2001 च्या नाताळात गिटार मिळाली. बाकीच्यांनी गिटारी धरल्या, म्हणून हेल्डर्स ड्रम्सकडे वळला. एकालाही धड वाजवता येत नव्हतं. वाजवता येणारी मुलं शोधून त्यांनी बँड बांधला नाही. बँड आधी ठरला, वाजवायला ती मागाहून शिकली. तुमचंही असंच झालं असणार. चौघं एकत्र असण्याची सवय आधीची आणि वाद्यं नंतरची, म्हणून एकजण उठला की गाण्याआधी घर मोडल्यासारखं वाटतं.

कार्यक्रमांत ते स्वतः कॉपी केलेल्या सीडी फुकट वाटायचे. ऐकणाऱ्यांनी ती गाणी इंटरनेटवर चढवली, एकमेकांना पाठवली. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलाने मला अशीच एक सीडी दिली होती, वर निळ्या मार्करने गाण्यांची नावं, त्यातली दोन खोडून पुन्हा लिहिलेली. ती अजून माझ्याकडे आहे. जून 2005 मध्ये त्यांनी डोमिनो या स्वतंत्र कंपनीशी करार केला, ऑक्टोबरात पहिलं मोठं गाणं थेट ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं, आणि 23 जानेवारी 2006 ला पहिला अल्बम निघाला. त्या दुपारी तोच मुलगा जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन दोन प्रती घेऊन आला. एक त्याची, एक त्याच्या आईची. पहिल्या आठवड्यात 3,63,735 प्रती खपल्या. कोणत्याही बँडचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये तोवर इतक्या वेगाने खपला नव्हता.

आणि त्यानंतर चारच महिन्यांत, मे मध्ये, बातमी आली की निकल्सन अमेरिकेच्या दौऱ्यावर जाणार नाही. कारण सांगितलं गेलं : थकवा. जूनमध्ये तो बँडमध्येच नाही, हे जाहीर झालं. वीस-एकवीस वर्षांची पोरं ती! आख्खा देश त्यांची गाणी गात होता आणि त्यांच्यातला एक जण दमून बाजूला झाला होता. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी लोक शेजारच्या घरातलं कुणी आजारी असावं तसे हळू आवाजात बोलत होते.

त्याच्या जागी निक ओमॅली आला. तोही त्याच भागातला, मित्रांपैकीच. आधी फक्त दौऱ्यापुरता आला, मग कायमचा झाला. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर सिगारेट ओढणारा चेहरा आहे ना, तोही मॉडेल नाही, त्यांचा मित्र आहे. गरज पडली की ही मुलं आधी ओळखीतल्या घरांकडेच वळायची. तेव्हापासून तेच चौघं आहेत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन, 2013 चा ‘एएम’ आणि 2022 चा ‘द कार’ हे अल्बम, सगळं याच जोडणीचं. निकल्सननेही वाजवणं सोडलं नाही, तो पुढे शेफिल्डच्याच ‘रेव्हरंड अँड द मेकर्स’मध्ये वाजवायला लागला.

आता तुझं. तू ड्रमर आहेस. त्याचं बोट आणि तुझ्या किक ड्रमवरचा पाय एकाच ठोक्याला पडतो, त्यामुळे तो थकलाय हे बाकीच्यांच्या आधी तुला ऐकू आलं असणार. म्हणून त्याच्याकडे तूच जा. वाद्य न घेता जा, आणि ‘कधी परत येतोस’ हे विचारू नकोस. झोप लागते का, घरी काय चाललंय, अभ्यासाचा ताण आहे का, एवढंच विचार. ‘थकलोय’ हा शब्द मुलं सहज वापरत नाहीत. फारच खचलेला वाटला तर त्याच्या घरच्यांना विश्वासात घे. पुढच्या कार्यक्रमाला दुसरा कुणी बसवायला लागेल तर बसवा, पण ते याला आधी सांगून. बाहेरून कळलं तर फार लागतं. बाकीच्या दोघांना माझं एवढंच सांग : अबोला आजच सोडा.

प्रश्न : आम्ही दोघी मालवणीत गाणी लिहितो, गिटारवर गातो. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, इंग्रजीत किंवा निदान शुद्ध मराठीत लिहा, नाहीतर कुडाळपलीकडे कुणाला कळणार नाही. काय करावं?
– दोन मैत्रिणी, कुडाळ

उत्तर : मुलींनो, शेफिल्डमधली माझी घरमालकीण नातवाला ओरडायची तेव्हा ‘मार्डी’ हा शब्द वापरायची. म्हणजे फुरंगटलेला, गाल फुगवून बसलेला. माझ्या इंग्रजीच्या शिक्षणात तो कुठेच नव्हता. काही महिन्यांनी वर सांगितलेल्या आर्क्टिक मंकीजच्या पहिल्या अल्बममध्ये तोच शब्द थेट गाण्याच्या नावात सापडला, रुसलेल्या मैत्रिणीवरच्या गाण्यात. टर्नर शेफिल्डमध्ये बोलतात तसाच गात होता, स्वर तसेच आखूड आणि शब्दही तिथलेच. त्याच अल्बममध्ये अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या एका गावठी बँडवर गाणं आहे. त्यात तो त्यांना सांगतो की तुम्ही न्यूयॉर्कचे नाही, रॉदरहॅमचे आहात. रॉदरहॅम शेफिल्डला अगदी खेटून आहे. ते गाणं सुरू झालं की आमची आख्खी प्रयोगशाळा ती ओळ एका सुरात ओरडायची.

ज्यांनी रॉदरहॅमचं नावही ऐकलं नव्हतं, तेही ही गाणी जगभर गातात. पुढे टर्नरची भाषा आणि आवाज दोन्ही बदलले, अमेरिकेत राहून सूर संथ झाला, तेही मला आवडतं. पण सीडी शोधायला हात जातो तो पहिल्या अल्बमकडेच.

तुम्ही पाठवलेल्या कडव्यात दुसऱ्या ओळीतला ‘माका’ खोडून वर ‘मला’ केलंय. खोडलेलं दिसतंय मला. तिथे ताल अर्ध्या मात्रेने लंगडतोय, म्हणून पाहा एकदा ‘माका’ परत घालून. आणि ‘कित्याक’ला हात लावू नका, सगळं कडवं त्याच्यावर उभं आहे. गाणं पूर्ण झालं की फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, मागे पाऊस ऐकू आला तरी चालेल.