एमबीए करायचे म्हणून बीबीएच घ्यावे का?

आपला प्रश्न मला समजला तो असा : मुलगी राजापूरहून बारावी कॉमर्स ८२ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली आहे, अकरावीला तिने गणिताऐवजी एस. पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतले होते, पुढे एमबीए करायचेच हे तिचे ठरले आहे, आणि पुण्यातील एका खासगी विद्यापीठाचे बीबीए, मुंबईतील बीएमएस (या दोन्ही व्यवस्थापनाच्या पदव्या) आणि रत्नागिरीतील साधे बीकॉम यांपैकी काय घ्यावे यावर घरात एकमत होत नाही. घरची आंब्याची बाग आहे आणि बीबीएची फी भरायची तर कर्ज काढावे लागेल, हेही आपण लिहिले आहे. मी स्वतः रत्नागिरीतून बीकॉम आणि मुंबईतून एमएमएस (एमबीएसारखीच व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) केले, १६ वर्षे कंपन्यांमध्ये विक्रीचे काम केले आणि आता लांज्याला भावासोबत काजू प्रक्रियेचा कारखाना चालवतो. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

नावांच्या साधर्म्यामुळे बीबीए ही एमबीएची अलीकडची पायरी आहे असे वाटते, आणि प्रवेशाच्या जाहिरातीही तो समज वाढवतात. वस्तुस्थिती अशी आहे की एमबीएला कोणत्याही शाखेची पदवी चालते. महाराष्ट्रातील प्रवेशासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ५० टक्के आणि राज्यातील मागासवर्गीयांसाठी ४५ टक्के गुण लागतात, शाखेची अट नाही. वर्गात इंजिनियर मुले मोठ्या संख्येने असल्यामुळे पहिल्या वर्षी मार्केटिंग, मनुष्यबळ, वित्त, संघटन हे सगळे विषय मुळापासूनच शिकवले जातात. माझ्या वर्गात बीएमएस करून आलेले काही जण होते. पहिला महिनाभर त्यांना सगळे ओळखीचे वाटले, दिवाळीपर्यंत आम्ही सगळे एकाच जागी होतो. याउलट हिशेबाचा विषय एका सत्रात उरकला जाई, आणि डेबिट-क्रेडिटशी प्रथमच गाठ पडलेले मेकॅनिकलचे हुशार मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या खोलीत वह्या घेऊन बसलेले असत. म्हणून माझे मत असे आहे की एमबीए जे शिकवणारच आहे तेच आधी ३ वर्षे, तेही कर्ज काढून, शिकण्यापेक्षा जे तिथे घाईत उरकले जाते ते पदवीला नीट शिकून घ्यावे. त्यात हिशेब, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि करकायदा हे विषय येतात, आणि हे सगळे बीकॉममध्ये आहे.

बीबीए किंवा बीएमएस निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. चांगल्या महाविद्यालयात मुलांना चारचौघांत उभे राहून बोलावे लागते, गटाने प्रकल्प करावे लागतात, उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत काम करावे लागते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या दृष्टीने ही सवय मोलाची आहे. प्रश्न एवढाच की ते महाविद्यालय खरोखर चांगले आहे का. माहितीपुस्तिकेतील फोटो पाहून हे कळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या २-३ विद्यार्थ्यांना गाठून गेल्या उन्हाळ्यात कुठे काम केले आणि हिशेब कोण शिकवते एवढेच विचारावे.

आणखी एक बदल आपल्याला ठाऊक असावा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी स्वतंत्र सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सुरू झाली. अनेक महाविद्यालयांनी त्यानंतर बीएमएसचे नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) असे केले, म्हणजे त्यांना ही सीईटी लागत नाही. दोन्ही विद्यापीठाच्याच पदव्या आहेत आणि एमबीएच्या प्रवेशात या नावाने फरक पडत नाही. पण आपण ज्या महाविद्यालयाचा विचार करत आहात तिथे नेमके काय आहे हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे, कारण सीईटी दिली नसेल तर पुढचे सगळे बेत फुकट जातात.

प्रवेशात खरा फरक पडतो तो गुणांनी. आयआयएमच्या, म्हणजे केंद्राच्या नामांकित व्यवस्थापन संस्थांच्या, मुलाखतीचे बोलावणे केवळ कॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर येत नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही त्यात धरले जातात, इंजिनियर नसलेल्यांना बऱ्याच ठिकाणी थोडा जादा भार मिळतो आणि काही आयआयएम मुलींनाही वेगळे गुण देतात. म्हणजे पदवी अशा ठिकाणी करावी जिथे पहिल्या सत्रापासून तिला उत्तम गुण मिळवता येतील. महानगरात गेल्यावर पहिले वर्ष खोली, मेस आणि लोकलच्या गर्दीशी जुळवून घेण्यातच गेलेली आमच्या भागातील कितीतरी मुले मी पाहिली आहेत, आणि ते गुण पुढे भरून निघत नाहीत.

आता गणित. आपण त्याचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. मीही एस. पी. घेतले होते, दहावीनंतर गणिताचे पुस्तक उघडले नव्हते आणि पहिल्या कॅटला त्या भागात सपशेल आपटलो, वर्ष गेले. आजची कॅट २ तासांची असते. इंग्रजी वाचन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे ३ भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे, त्यामुळे एका भागातला वेळ वाचवून दुसऱ्याला देता येत नाही. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात : ७५ तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण एका प्रश्नाला पाऊण मिनिटच मिळते. यातले बरेचसे गणित शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज, काळ-काम-वेग असे शाळेतलेच असते. अडते ते वेगावर, आणि वेग ३ महिन्यांच्या क्लासने येत नाही. मुलीने या जूनपासून आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके पुन्हा काढून रोज अर्धा तास कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय, उदाहरणे सोडवावीत आणि एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचावा. पदवी कोणतीही घेतली तरी हे टळणार नाही.

बागेचा उल्लेख आपण फीच्या संदर्भात केला आहे. मला ती मुलीच्या अभ्यासक्रमाचाच भाग वाटते. दुसऱ्या प्रयत्नात मी मुलाखतीपर्यंत पोहोचलो तेव्हा समोरच्या प्राध्यापकांनी घरी काय करतात हे विचारले आणि बाग म्हटल्यावर पुढचा प्रश्न टाकला : एका पेटीला खर्च किती येतो? नववीपासून वडिलांची वही मीच लिहीत असे. फवारण्या, राखण, घळीने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबा उतरवणाऱ्या गड्यांची मजुरी, पेटी, खिळे, पेंढा, टेम्पो हे मी सांगितले, आणि वाशीच्या घाऊक बाजारातून येणाऱ्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) हमाली, तोलाई आणि त्या काळी बागायतदाराकडूनच कापली जाणारी दलाली वजा होऊन हातात काय उरते तेही सांगितले. त्यांनी विचारले, मे महिन्यात दर निम्म्यावर आला तर काय कराल? मी म्हणालो, फवारणीचे पैसे तर जाऊन बसलेले असतात, त्यांचा विचार आता करून उपयोग नाही. उतरवणी, पेटी आणि भाडे एवढे सुटत असेल तोवर माल वाशीला पाठवायचा, त्याखाली दर गेला की कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, द्यायचा. ते थोडे हसले आणि म्हणाले, याला आम्ही सीमांत खर्च म्हणतो. तो धडा बीकॉमच्या अर्थशास्त्रात माझा झालेला होता, पण उत्तर देताना मला पुस्तक आठवले नव्हते, वडिलांची वही आठवली होती. पुण्याला गेलेल्या मुलीच्या हाती हंगामातली ही वही राहत नाही. रत्नागिरीला शिकणारी शनिवार-रविवारी एसटीने घरी येऊन ती लिहू शकते.

बीकॉमखेरीज इतर वाटांविषयी थोडक्यात. बारावीनंतर थेट ५ वर्षांचा, पदवी आणि एमबीए एकत्र असलेला आयपीएम अभ्यासक्रम आयआयएम इंदूरने २०११ मध्ये सुरू केला आणि आता इतर काही आयआयएममध्येही तसा आहे. त्याची परीक्षा गणितावर बरीच अवलंबून असल्यामुळे आपल्या मुलीसाठी यंदा तो मार्ग मला व्यवहार्य वाटत नाही. बीकॉमसोबत सीए करण्याची तिची तयारी असेल तर त्यातील आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता २ वर्षांची झाली आहे आणि एमबीएला जाताना तो अनुभव वजनदार ठरतो, मात्र ही वाट अवघड आहे आणि केवळ एमबीएची शोभा वाढवण्यासाठी ती धरू नये. शेतमालाच्या व्यापारातच रस असेल तर आयआयएम अहमदाबादचा अन्न व कृषी-व्यवसाय अभ्यासक्रम, आणंदचे इर्मा (ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था) आणि पुण्याची सहकार व्यवस्थापनाची वैकुंठ मेहता संस्था ही नावे आतापासून लिहून ठेवावीत. धाकटे कोणी विज्ञान शाखेत असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन तिकडे जाण्याचा मार्ग अधिक सरळ आहे.

शेवटी पैशांविषयी. कर्ज काढायचेच असेल तर ते पदवीसाठी काढू नये, एमबीएसाठी राखून ठेवावे, कारण नोकरीचा पगार त्या पदवीवर ठरतो आणि बँकाही नामांकित संस्थेच्या प्रवेशपत्रावर अधिक सहज कर्ज देतात. शिवाय राज्य सरकारने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यासाठी प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत (कॅप) प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. म्हणजे पुण्यातील आपल्या पर्यायात ती मिळणार नाही, पण ३ वर्षांनी राज्याच्या सीईटीतून एमबीएला प्रवेश मिळाल्यास मिळू शकते. आपण या प्रवर्गांत बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढत राहावा. ऐन जूनमध्ये तहसील कार्यालयात किती गर्दी असते हे आपल्याला सांगायला नकोच.

मी आपल्या जागी असतो तर मुलीला रत्नागिरीत बीकॉमला घातले असते. मुंबईत जवळच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय असेल आणि महाविद्यालय खरेच नावाजलेले असेल, तर बीएमएसचा विचार जरूर करावा. ही सोय आहे की नाही हे आपल्या प्रश्नात आलेले नाही, ते कळवल्यास त्याविषयी पुन्हा लिहीन.