आगळाची जाहिरात आणि लेकीची पदवी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही कुडाळजवळ राहता. घरी आगळ, आमसुलं आणि मालवणी मसाला करता आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पार्सलने पाठवता. लेकीने कॉमर्समधून बारावीची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. तिला डिजिटल मार्केटिंग शिकायचं आहे. एका क्लासने सहा महिन्यांचे ८५ हजार रुपये सांगितलेत आणि वर ‘१०० टक्के नोकरी’. तिचे बाबा म्हणतात, बीकॉम कर, बँकेच्या परीक्षा दे, मोबाइलवरचं हे काम म्हणजे काही शिक्षण नव्हे. मुंबईचा मामेभाऊ म्हणतो, जाहिराती आता एआय लिहितो, चार वर्षांनी ही नोकरीच उरणार नाही. आणि तुम्ही विचारता, याची विद्यापीठाची पदवी असते का, आणि असली तर पाठवू का?

पदवी असते. तिला जरूर शिकू द्या. क्लासचे ८५ हजार मात्र आत्ता भरू नका.

आता कारणं सांगते, आणि सुरुवात तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याने करते. तुम्ही लिहिलंय, ‘पुण्याच्या एका बाईंनी आगळात पाणी घालून सरबत म्हणून पाहुण्यांना दिलं आणि मग मला फोन करून रागावल्या की खारट आहे.’ ताई, जाहिरातीचा अख्खा विषय या एका फोनमध्ये आहे. आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं की आगळ म्हणजे भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, रस आणि मीठ, त्यात साखर नसते, ते सोलकढीसाठी असतं. पुण्याच्या बाईंना ते ठाऊक नव्हतं आणि बाटलीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे चूक बाईंची नाही, सांगण्याची आहे. आपल्याला जे इतकं उघड वाटतं की बोलायचंही राहून जातं, ते समोरच्याला नेमकं कोणत्या शब्दांत सांगायचं, हे शोधणं म्हणजे कॉपीरायटिंग. समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे आधी तपासणं म्हणजे मार्केट रिसर्च. हे दोन्ही विषय पदवीला शिकवतात, आणि मोबाइल असो वा वर्तमानपत्र, ते बदलत नाहीत.

बदलतात ती साधनं, आणि ती फार वेगाने बदलतात. वेबसाइटवर कोण आलं, किती वेळ थांबलं, हे मोजणारं गूगलचं जुनं अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नोंदी घ्यायचं थांबलं आणि सगळ्यांना नव्या रचनेवर जावं लागलं. आदल्या वर्षी ज्यांनी पैसे भरून फक्त बटणं पाठ केली होती, त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. मोजायचं काय आणि कशासाठी हे ज्यांना कळलं होतं, त्यांनी नवी स्क्रीन आठवडाभरात समजून घेतली. गूगल स्वतः जाहिरातींची जी प्रमाणपत्रं देतं, तीही एकच वर्ष चालतात, नंतर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ही प्रमाणपत्रं ‘स्किलशॉप’ नावाच्या त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतात. अभ्यास फुकट, परीक्षाही फुकट. हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीची अकॅडमी आणि फेसबुकवाल्या मेटाचं ब्लूप्रिंट, या शिकवणाऱ्या संकेतस्थळांवरही बरंचसं शिक्षण विनाशुल्क आहे. क्लास ज्याचे ८५ हजार मागतो आहे त्यातला मोठा भाग हाच आहे.

क्लासबद्दल मी कडक बोलते आहे, कारण त्याचा शेवट मी जवळून पाहिला आहे. माझ्याकडे एक मुलगा आला होता. वडिलांनी कर्ज काढून असाच सहा महिन्यांचा कोर्स करवला होता. ‘नोकरी’ मिळाली ती त्याच क्लासमध्ये, आणि काम काय, तर दिवसभर फोन करून नव्या पोरांना त्याच कोर्सला भरती करायचं. तो मुलगा बोलता बोलता गप्प झाला, ते मला अजून आठवतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात निवडीची किंवा नोकरीची हमी देणाऱ्या खोट्या दाव्यांना मनाई आहे. तेव्हा ‘१०० टक्के’ हा आकडा दिसला की सावध व्हा. त्यांना एवढंच विचारा: गेल्या तुकडीतल्या पाच मुलांशी बोलता येईल का? मुलगी शिकताना खऱ्या धंद्याचं खातं हाताळणार की नुसत्या स्लाइड बघणार? पैसे परत द्यायची अट लेखी देता का? उत्तर टाळलं, तर उठून या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता पदव्यांबद्दल. सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठात येतो, त्यामुळे तुमच्यासाठी पहिलं नाव बीएएमएमसीचं, म्हणजे पूर्वीचं बीएमएम. ही जनसंवादाची पदवी आहे आणि शेवटच्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात अशी वाट निवडायची, अशी तिची रचना चालत आली आहे. जाहिरातीच्या वाटेवर कॉपीरायटिंग, ग्राहकाचं वर्तन, ब्रँड, मीडिया प्लॅनिंग, जाहिरात संशोधन आणि डिजिटल माध्यमं असे विषय येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची मांडणी बदलते आहे, म्हणून ज्या महाविद्यालयात जाल तिथला या वर्षीचा अभ्यासक्रम छापील मागून घ्या, आणि त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ कुठे करायला मिळतं हे नक्की विचारा. एका महाविद्यालयात ते एखाद्या जाहिरात एजन्सीत असतं, दुसऱ्यात नुसता शिक्का असतो. पदवी एकच असली तरी इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी वाट बीएमएस किंवा बीबीए, म्हणजे व्यवस्थापनाची पदवी, करून मार्केटिंगकडे वळण्याची. लेकीला आकड्यांची गोडी असेल तर मी हीच सांगेन. पण इथे एक गोष्ट घाईने तपासा. २०२४ पासून या अभ्यासक्रमांना राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागू झाली आहे. तिने ती दिली आहे का? दिली नसेल तर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा, कारण २०२४ मध्ये ही परीक्षा दुसऱ्यांदाही घेतली गेली होती. आणि सीईटीशिवाय प्रवेश देतो असं कुणी म्हणालं, तर पदवीच्या कागदावर नेमकं काय नाव येणार ते विचारा. काही ठिकाणी तोच अभ्यासक्रम बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज या नावाने चालतो. त्यात गैर काही नाही, फक्त आपल्याला ठाऊक असावं.

फीचं तुम्ही संकोचाने लिहिलंत, संकोच करू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. निवडलेला अभ्यासक्रम आणि महाविद्यालय त्यात बसतं का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा, आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता तहसीलमध्ये आत्ताच टाका. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

लेक चित्र काढते असं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून उपयोजित कलेबद्दल एवढंच: मुंबईच्या जे. जे. मधली ती पदवी चार वर्षांची आहे आणि जाहिरातीत तिला मोठा मान आहे. संगणकावर आपण वर्षानुवर्षं मराठी वाचली तो ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी हे उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. अहमदाबादच्या मायकाचं नावही तुमच्या कानावर येईल. १९९१ मध्ये सुरू झालेली ही संस्था जाहिरात आणि संज्ञापनासाठीच नावाजलेली आहे, पण तिथला गाजलेला अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. त्याचा विचार तीन वर्षांनी करता येईल.

बाबांच्या काळजीला मी हसण्यावारी नेणार नाही. स्थिर पगार हवा, मुलगी परगावी एकटी पडू नये, हे वाटणं रास्तच आहे. त्यांना दोन गोष्टी सांगा. हा धंदा काल मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. आपल्या मराठी मुलखात, गिरगावात, बी. दत्ताराम यांची जाहिरात एजन्सी १९०५ साली सुरू झाली, आणि ती देशातल्या अगदी पहिल्या एजन्सींपैकी मानली जाते. दुसरं, बँकेच्या परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठल्याही शाखेची पदवी चालते. बीएएमएमसी केल्याने ते दार बंद होत नाही. सहा महिन्यांच्या क्लासनंतर मात्र पदवी हातात नसते आणि ते दार उघडतच नाही. आणि मुंबईचा खर्च झेपतच नसेल, तर कुडाळ-सावंतवाडीत घरून बीकॉम करणं यात मुळीच कमीपणा नाही. तिथे कॉस्टिंग आणि संख्याशास्त्र मन लावून शिकायचं, बाकीचं घरच्या धंद्यावर शिकायचं, आणि जाहिरातीची पदव्युत्तर पदविका नंतर करायची.

घरचा धंदा म्हटलं तो असा. तिला या हंगामात तीन हजार रुपये द्या, ८५ हजार नव्हे. रोज दीडशे रुपयांप्रमाणे वीस दिवस गूगलवर आगळाची जाहिरात चालवायची. समजा एका क्लिकला सहा रुपये पडले, तर पाचशे माणसं येतील. समजा त्यातल्या चाळिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं आणि बारा जणांनी घेतलं. म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचे अडीचशे रुपये गेले. एका बाटलीमागे तुम्हाला साठ रुपये सुटत असतील, तर एकेक बाटली विकून तुम्ही बुडालात. चार बाटल्या एकदम गेल्या तरी सुटतात दोनशे चाळीस, म्हणजे दहा रुपये खोटच. पण त्याच पार्सलमध्ये किलोभर मसाला गेला आणि त्यात दीडशे सुटले, तर गणित जुळतं. शिवाय तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपणहून फोन करतं, तेव्हा जाहिरातीचा रुपयाही लागत नाही. हा हिशेब जिला कागदावर मांडता येतो तिला एजन्सीत कुणी नाकारत नाही. नुसत्या पोस्ट टाकणाऱ्यांची तिथे रांग लागलेली असते.

मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. चार ओळींचं कॅप्शन, एकाच बॅनरची दहा मापं, ही कामं यंत्राकडे चाललीच आहेत. गूगलच्या ‘परफॉर्मन्स मॅक्स’ मोहिमेत तर जाहिरात कुठे दाखवायची आणि बोली किती लावायची, म्हणजे त्या जागेसाठी किती पैसे मोजायचे, हेही यंत्रच ठरवतं. पण कोणतं गिऱ्हाईक आपल्या कामाचं, हे माणसालाच सांगावं लागतं. ‘कोकम सरबत’ शोधणारी माणसं यंत्र आनंदाने तुमच्या दारात आणून उभी करील, आणि तुम्हाला पुण्याच्या बाईंसारखे आणखी वीस फोन येतील. म्हणून साध्या सर्च जाहिरातीत, म्हणजे गूगलवर काही शोधलं की दिसते तिच्यात, ‘सरबत’ हा शब्द नको असलेल्या शब्दांत, म्हणजे निगेटिव्ह कीवर्डमध्ये घालायचा. हे सुचण्यासाठी आगळ आणि सरबत यांतला फरक माहीत असावा लागतो, तो तुमच्या लेकीला जन्मापासून माहीत आहे. आमसूल, कोकम, सोलं, असं एकाच वस्तूला कोण कुठे काय म्हणतं हे तिच्या कानावर आहे. मराठी माणसाशी मराठीत धड बोलणारी जाहिरात आज फार कमी दिसते. बहुतेक जाहिराती हिंदीतून ओढून आणलेल्या असतात आणि वाचताना दाताखाली खडा येतो. ही जागा तिची आहे, असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र तिला पहिल्या दिवसापासून शिकवा. ‘पित्तावर रामबाण’ असं लिहायचा मोह होईल, ते लिहायचं नाही. खाण्याचा पदार्थ रोग बरा करतो असा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही. आणि नियम नसता तरी, जे आपल्याला सिद्ध करता येत नाही ते आजारी माणसाला विकू नये.

निकाल लागेपर्यंत दोन-तीन आठवडे आहेत. तिला म्हणावं, आईच्या वहीतली जुनी गिऱ्हाइकं काढ, दहा जणांना फोन कर आणि फक्त विचार: आगळ कशाला वापरता, पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंत, पुन्हा का मागवलंत? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. मग त्यावरून बाटलीवर लावायच्या चार ओळी लिही. त्या ओळी आणि ते दहा फोन मला पाठवा. फोन करताना तिला कंटाळा आला की मजा वाटली, हेही तिने खरं खरं लिहावं. बीएएमएमसी की बीएमएस, हे मी तुम्हाला ते वाचून सांगेन.